खिडकीजवळची सव्वादोन फूट जागा

१

मापबाईंचं खरं नाव त्यांच्या गिऱ्हाइकांपैकी फार थोड्यांना ठाऊक होतं. गळ्यात सदानकदा मापाची पट्टी, म्हणून जुन्या फर्निचरच्या गोदामातल्या शेठनी कधीतरी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. बाईंनाही ते मनातून आवडायचं, फक्त तसं त्या कबूल करत नसत.

काम काय, तर कोणत्या घरात, कोणत्या माणसाला कोणतं जुनं फर्निचर शोभेल ते ठरवून द्यायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण लोक जुन्या वस्तू नुसत्या डोळ्यांनी निवडतात आणि मग वर्षभर गुडघे आपटून घेतात. चिडक्या माणसाने अडकणाऱ्या खणांचं टेबल घेऊ नये, विसरभोळ्याने बारा कप्प्यांचं. ज्याला एका जागी चैन पडत नाही त्याला झुलती खुर्ची द्यावी, म्हणजे तो निदान खोलीतल्या खोलीत तरी राहतो. अशी बाईंची बरीच शास्त्रं होती आणि ती त्या कोणालाही, न विचारता, ऐकवत.

पद्धतही त्यांची स्वतःची होती. पहिल्या दिवशी फोटो दाखवायचे नाहीत की लाकडाबद्दल बोलायचं नाही. घरातल्यांना सांगायचं, दोन तास नेहमीसारखे वावरा. आणि आपण खडू घेऊन, गुडघ्यांवर रांगत, जो जसा चालेल तशी त्याच्या मागे फरशीवर रेघ ओढायची. दोन तासांनी घराचे रस्ते उमटतात. जिथे एकही रेघ जात नाही, ती फर्निचरची जागा. घराला काय हवं ते मालकाला विचारू नये, त्याच्या पायांना विचारावं, असं त्या म्हणायच्या. बावीस वर्षांत ही पद्धत कधी फसली नव्हती.

"ताई, एकच खुर्ची हवी आहे," फोनवरची मुलगी म्हणाली. "आईसाठी."

"आई बसतात कशा? टेकून, की पाय वर घेऊन?"

"तोच तर घोळ आहे," ती म्हणाली. "आई बसतच नाही."

२

घर तिसऱ्या मजल्यावर होतं, नव्या इमारतीत. रंगाचा वास अजून पुरता गेला नव्हता. मायलेकी तीन महिन्यांपूर्वी इथे राहायला आल्या होत्या. बाहेरची खोली ऐसपैस आणि जवळजवळ रिकामी होती. भिंतीला पुस्तकांचं कपाट, कोपऱ्यात न उघडलेली दोन खोकी आणि पश्चिमेला मोठी खिडकी. खिडकीतून समोरच्या शिंप्याचं दुकान दिसायचं.

मुलगी दातांच्या कवळ्या तयार करणाऱ्या एका ठिकाणी कामाला होती. साडेआठला जायची, सहाला यायची. आई पोस्टातून निवृत्त. तीस वर्षं त्यांनी काउंटरच्या खिडकीमागे बसून काढली होती. मापबाईंनी त्यांना लगेच काकू म्हणायला सुरुवात केली. काकू ठेंगण्या होत्या, टापटीप होत्या आणि उभ्या होत्या. दार उघडलं तेव्हा उभ्या, पाणी दिलं तेव्हा उभ्या, आणि मापबाईंनी खोक्यावर बूड टेकलं तेव्हाही भिंतीला हात लावून उभ्याच. पावलं सुजून वाटोळी झाली होती.

"काकू, बसा ना."

"बरं आहे मला असंच," काकू हसून म्हणाल्या.

मुलीने मापबाईंना स्वयंपाकघरात ओढलं आणि आवाज खाली आणला.

"दिवसभर अशीच. जेवते ते ओट्याशी उभी राहून. रात्री आत जाऊन आडवी होते तेवढंच. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर पायांना जखमा होतील आणि मग त्या भरायच्या नाहीत. जुन्या घरी असं नव्हतं हो. तिथे तर खुर्चीवरून उठवावं लागायचं तिला."

"इथे बसायला सांगितलं तर काय म्हणतात?"

"म्हणते, बरं नाही दिसत. काय बरं दिसत नाही, ते सांगत नाही. दादा म्हणतो, तुला जमत नसेल तर मी घेऊन जातो. महिनाअखेर येतोय तो न्यायला. तिला जायचं नाही, आणि मला तिला पाठवायचं नाही." तिने उगाचच एक भांडं उचलून पुन्हा तिथेच ठेवलं. "तिला बसावंसं वाटेल असं काहीतरी द्या. एवढंच."

मापबाईंना त्या पोरीची कणव आली. त्यांनी खडू काढला.

दोन तास काकू चालल्या, मुलगी चालली. मधेच गळका नळ बघायला प्लंबर आला, तोही हत्यारांची पेटी घेऊन खिडकीपर्यंत जाऊन बाहेरचा पाइप बघून आला. मापबाईंनी त्याचीही रेघ ओढली. तो जरा चमकला, पण लोकांच्या घरी कायकाय चालतं हे प्लंबरला सांगायला लागत नाही.

मग बाई उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी खोली एका नजरेत बघितली. सगळ्या रेघा खिडकीकडे जाताना एकाच ठिकाणी वळत होत्या. खिडकीच्या अलीकडे एक जागा होती, रिकामीच, फरशीवर धुळीचा कण नाही. तिला सगळ्यांनी वळसा घातला होता. काकूंनी घातला होता, मुलीने घातला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा या घरात आलेल्या प्लंबरनेही घातला होता.

बाई माप घ्यायला गेल्या. रुंदी सव्वादोन फूट, पुढून मागे अडीच. पट्टी गुंडाळताना त्यांची नजर फरशीवर पडली. रांगताना त्यांच्या गुडघ्यांनी खडू पुसला होता, त्याचा पांढुरका पट्टा रेघांच्या बाजूने गेला होता. तोही तिथे वळला होता.

३

बाई घाबरल्या का, तर अजिबात नाही. उलट कितीतरी वर्षांनी त्यांना गंमत वाटून रात्री झोप लागेना. कारण काय असेल? दुपारचं ऊन डोळ्यांवर येत असेल. फरशी उतरती असेल. एकजण वळतो म्हणून दुसरा वळतो, हेही होतं. पण प्लंबर कोणाचं बघून वळला?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या परत गेल्या. मुलगी कामावर होती. काकूंनी दार उघडलं आणि पुन्हा भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या.

बाईंनी गवंडी लावतात ती लेव्हल लावून बघितली. फरशी एकदम सपाट. गोटी सोडून बघितली. गोटी त्या जागेतून सरळ पलीकडे गेली आणि भिंतीला लागून थांबली. हात फिरवला. ना गार, ना गरम. मग त्यांनी तळव्यांना खडूची पूड चोळली आणि समोरच्या भिंतीवरच्या बटणावर डोळे रोखून त्या जागेतून नाकासमोर चालत गेल्या. अगदी सरळ गेल्या. तसं त्यांना शंभर टक्के वाटलं.

वळून बघितलं तर पावलांचे ठसे धनुष्यासारखे वाकले होते.

बाईंनी पुन्हा केलं. या वेळी तर त्यांनी ओठ आवळून, हट्टानेच पाय टाकले. पण जाता जाता खांदा आपोआप आत घेतला गेला आणि तोंडातून हळूच "जरा हं" असा शब्द निघून गेला, गर्दीत एखाद्याच्या जवळून जाताना निघतो तसा.

"जात नाही ना सरळ?" काकू भिंतीजवळून म्हणाल्या.

"तुमच्याही लक्षात आलंय?"

"आमच्याकडे कोणीच नाही जात."

हा खरा क्षण होता. काकूंना विचारायला हवं होतं. काकू सांगायलाही तयार होत्या, त्यांच्या चेहऱ्यावर ते दिसत होतं. पण मापबाईंच्या हातात पट्टी होती, आणि पट्टी हातात असली की या बाईला माणूस दिसेनासा होई. एवढी स्वच्छ, एवढी नेमकी मोकळी जागा त्यांनी बावीस वर्षांत बघितली नव्हती. घर स्वतः तोंड उघडून सांगतंय की मला इथे एक खुर्ची हवी, असं त्यांना वाटलं. जागा पुन्हा मोजून त्या घाईघाईने गोदामाकडे निघाल्या.

४

गोदामात पाऊल टाकलं की जुन्या लाकडाचा, मेणाचा आणि उंदरांचा वास यायचा. कपाटांवर कपाटं, टेबलांवर उलटी टेबलं, आणि मधल्या बोळात शेठ एका मोडक्या बाकावर वर्तमानपत्र वाचत बसलेले.

"या मापबाई. माणूस सांगा," शेठ म्हणाले. गेली बावीस वर्षं ते हेच म्हणत. आधी माणूस कसा आहे ते ऐकायचं, मग वस्तू काढायची.

"रुंदी सव्वादोन फूट, पुढून मागे अडीच. हातांची खुर्ची. पाठ उंच."

शेठनी चष्मा वर केला. "हे माप झालं. मी माणूस विचारला."

"काकू आहेत एक. सत्तरीच्या. उभ्याच असतात."

"आणि बुटक्या की उंच?"

"बुटक्या. शेठ, ती कोपऱ्यातली काढा ना."

कोपऱ्यातली खुर्ची शिसवी होती, साधी, बिनकोरीव. बाईंनी पट्टी लावली आणि त्यांचे कान गरम झाले. सव्वादोन, अडीच. सुताचाही फरक नव्हता.

खुर्ची वाचणं हा बाईंचा आवडता उद्योग. कुठे झिजली, कुठे गुळगुळीत झाली, त्यावरून आधी कोण बसायचं ते त्या सांगत आणि शेठ त्यांची टर उडवत. या खुर्चीवर वाचायला काही उरलं नव्हतं. लाकूड घासून नवं पॉलिश केलं होतं. बैठकीचा वेतही नवा होता, ताठ आणि पिवळाधमक.

"परवाच विणून आली," शेठ म्हणाले. "अजून कोणी टेकलंसुद्धा नाही. पण बाई, ही उंच आहे. तुमच्या काकूंचे पाय लोंबकळतील."

खरं होतं. सुजलेल्या पायांना लोंबकळण्याएवढं वाईट काही नाही, हे बाईंना शेठपेक्षा जास्त कळत होतं. दुसऱ्या कोणाला हा सल्ला त्यांनीच ठणकावून दिला असता.

"पाटाची सोय करू पायाखाली," त्या म्हणाल्या.

"आज तुम्ही माणसासाठी खुर्ची घेत नाही आहात," शेठ म्हणाले आणि परत वर्तमानपत्रात शिरले.

बाईंचा एक नियम होता. ज्या खुर्चीवर आपण स्वतः बसून बघितलं नाही ती गिऱ्हाइकाला द्यायची नाही. त्या दिवशी तो नियम त्यांच्या लक्षातही आला नाही.

५

शनिवारी सकाळी खुर्ची आली. दोन हमालांनी ती तिसऱ्या मजल्यावर चढवली. मुलगी घरी होती, सारखी आईकडे बघत होती. खिडकीजवळ आल्यावर पुढचा हमाल, ज्याला खुर्चीच्या पाठीमुळे समोरचं नीट दिसत नव्हतं, तो म्हणाला, "काका, थोडं सरकता का?"

खोलीत तीन बायका आणि दोन हमाल होते.

"कोणाला म्हणतोस?" मागच्याने विचारलं.

पुढच्याने खुर्ची खाली टेकवली, इकडेतिकडे बघितलं आणि मान खाजवली. "कोणाला नाही," तो म्हणाला. "घामाने दिसत नाही धड."

खुर्ची पाठ खिडकीकडे करून ठेवली गेली. खडूच्या रेघा अजून पुसट दिसत होत्या. चारी बाजूंनी त्या खुर्चीला अलगद वळसा घालून जात होत्या, जशा काही खुर्ची आधी होती आणि रेघा नंतर. बाईंना इतकं समाधान झालं की त्यांनी पट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवली.

"आई, बसून बघ ना," मुलगी म्हणाली.

काकू खुर्चीकडे बघत राहिल्या. कान देऊन काही ऐकावं तशी त्यांची मान थोडी कलली. वेताचा बारीकसा आवाज झाला. नवा वेत करतोच तसा. मग काकूंचे खांदे खाली आले, त्या सुजल्या पायांनी स्वयंपाकघरात गेल्या, तिथलं लाकडी स्टूल उचलून आणलं, खुर्चीच्या समोर, चार पावलं सोडून ठेवलं, आणि त्यावर बसल्या.

बसल्यावर त्यांनी "हुश्श" केलं. तीन महिन्यांचं हुश्श होतं ते. मुलगी आईजवळ जमिनीवर बसली आणि तिच्या गुडघ्यावर कपाळ टेकून रडायलाच लागली.

मापबाईंना आनंद झाला, आणि खरं सांगायचं तर रागही आला. एवढी शोधून आणलेली शिसवी खुर्ची, आणि ही बाई बसते कुठे, तर भाजी चिरायच्या स्टुलावर!

"खुर्चीवर बसा की काकू."

"नको," काकू म्हणाल्या. "मला हे बरं आहे."

६

बारा दिवसांनी बाई लाकडाला मेण लावायचं निमित्त काढून गेल्या. मेण लावायला बारा दिवस फार लवकर होतं, पण त्यांना राहवत नव्हतं. दादाला येऊ नकोस म्हणून कळवलं, हे मुलीने फोनवर सांगितलं होतं. पाय उतरले होते. आई दिवसभर स्टुलावर बसते, संध्याकाळी तर हसतेही, म्हणाली होती.

"खुर्चीवर कोण बसतं?" बाईंनी तिला विचारलं होतं.

"कोणीच नाही. आई बसू देत नाही. एकदा मी पर्स ठेवली तर उचलायला लावली."

दुपारचे साडेतीन वाजले होते. काकूंनी दार उघडलं, बाईंना आत घेतलं आणि परत आपल्या स्टुलावर जाऊन बसल्या. पावलं खरंच उतरली होती, हाडं दिसत होती. बाई खुर्चीपाशी वाकल्या आणि हातातलं फडकं तसंच राहिलं.

वेत खचला होता. बारा दिवसांपूर्वी ढोलकीसारखा ताणलेला वेत मधून खाली गेला होता, आणि मधूनही नाही, पुढच्या कडेला जास्त. उजव्या हाताचं पॉलिश टोकाशी मंद झालं होतं, तळहात टेकतो तिथे. असं बसणारी माणसं बाईंनी पुष्कळ वाचली होती. मागे रेलायचं नाही, कडेला बसायचं, हात खुर्चीच्या टोकावर. परक्याच्या घरी संकोचून बसलेला माणूस असा बसतो. वजन मात्र भरपूर होतं. काकू आणि मुलगी दोघी मिळून बसल्या असत्या तरी एवढा वेत खचला नसता.

"काकू," बाई उकिडव्या बसूनच म्हणाल्या, "तुम्ही इतके दिवस का बसत नव्हतात?"

"आता विचारलंत," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या. "ते उभे होते ना. राहायला आलो त्या दिवसापासून. इथे, खिडकीपाशी. वडीलधारं माणूस उभं असताना आपण कसं बसायचं?"

"कोण ते?"

"विचारलं नाही मी. पोस्टात तीस वर्षं लोक समोर उभे आणि मी बसलेली. म्हातारेकोतारे सुद्धा. तेव्हा इलाज नव्हता. पण आपल्या घरात ते मला नाही जमत."

"तुमचे... घरातलेच कोणी?" बाईंना मुलीच्या वडिलांचं विचारायचं होतं.

"छे. आमच्या ह्यांना मी ओळखणार नाही होय? हे कोणी वेगळे आहेत."

"दिसतात?"

काकूंनी विचार केला. "बघत नाही मी तसं निरखून," त्या म्हणाल्या. "बरं दिसत नाही."

"भीती नाही वाटत?"

"उभे होते तेव्हा वाटायची. माणूस एकदा बसला की जरा ओळखीचा वाटतो. तुम्ही मात्र फार चांगली खुर्ची आणलीत हो. त्यांना बरोब्बर झाली." एवढं बोलून काकू चहा टाकायला आत गेल्या.

७

मापबाई एकट्या उरल्या. समोर शिसवी खुर्ची, तिच्या मागून खिडकीतलं ऊन सरळ खोलीत आलेलं. समोरच्या दुकानात शिंप्याचं मशीन चालू होतं, थांबत होतं, चालू होत होतं.

म्हातारपणी एकटेपणाने माणसं काहीबाही धरून बसतात. मुलगी दिवसभर बाहेर. आणि वेत? विणणाराच कच्चा असेल. हे सगळं बाईंनी स्वतःला नीट समजावलं. पण त्याच वेळी त्यांना एक गोष्ट कुरतडायला लागली. या खुर्चीवर त्या स्वतः कधी बसल्याच नव्हत्या. बसल्यावर काय कळेल? उंची, कल, वेताचा ताण. एवढंच तर बघायचं होतं. कुतूहल ही बाईंची जुनी खोड, आणि ती आता त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना पुढे ढकलत होती.

त्या बसल्या.

वेत ऊबदार होता. उन्हाने असेल. पण ऊन पाठीवर पडत होतं, बैठकीवर नाही. हात टोकांवर ठेवले तर उजवं टोक ऊबदार, डावं गार.

काकू दोन कप घेऊन बाहेर आल्या, आणि दारातच थांबल्या. मग स्टुलापर्यंत आल्या, पण बसल्या नाहीत.

"बसा ना काकू."

"कशी बसू?" काकू हळू आवाजात म्हणाल्या. त्या मापबाईंकडे बघत नव्हत्या. नजर बाईंच्या डोक्याच्या जरा वर, खुर्चीच्या मागे होती, आणि तीही लगेच खाली गेली.

बाईंना वाटलं, आता जर उठलो तर या खुळाला आपणच खतपाणी घातलं. थोडा वेळ बसून राहू. काही होत नाही हे बघितलं की काकू आपोआप बसतील. पायांसाठीच तर चाललंय सगळं. त्या बसून राहिल्या. शिंप्याचं मशीन थांबलं. एक मिनिट गेलं, दोन गेली, चार गेली. काकूंचे गुडघे कापत होते, पण त्या उभ्या होत्या, आणि बाईंना दिसत होतं की त्या अशाच उभ्या राहतील, संध्याकाळपर्यंत, उद्यापर्यंत, पाय पुन्हा फुगेपर्यंत.

बाईंची नजर फरशीवर गेली. उन्हामुळे खुर्चीची सावली समोर लांब पडली होती. खुर्चीची उंच पाठ, तिच्या वर बाईंचं डोकं, अंबाड्यासकट. आणि पाठीच्या वरच्या कडेवर, उजव्या बाजूला, चार छोटे उंचवटे.

कोरीवकाम असेल. पण ही खुर्ची बिनकोरीव होती. तिचं इंच न् इंच त्यांनीच मोजलं होतं. कडेवर काहीच नव्हतं. बाई बघत राहिल्या. हाताची सावली नव्हती, माणसाची नव्हती, फक्त ते चार उंचवटे, एकमेकांना लागून. मग कानाशी लाकूड बारीक करकरलं, खूप वेळ ताटकळलेला माणूस पायावरचा भार बदलतो आणि समोरच्या आधारावर जरा जास्त रेलतो, तसं. सावलीतला एक उंचवटा उचलला गेला आणि परत टेकला.

बावीस वर्षांची शास्त्रं त्या एका क्षणात कुठे गेली कोण जाणे. मापबाई उठल्या. धडपडत नाही, किंचाळत नाही, तर एखाद्या मोठ्या माणसाची जागा चुकून अडवली होती हे लक्षात आल्यावर उठावं तशा, कपडे सारखे करत, ओशाळून.

"बसा," त्या म्हणाल्या. मागे वळून बघायची त्यांची छाती झाली नाही. "बसा ना तुम्ही."

वेत वाजला. पुढच्या कडेला.

मग काकूंनी एक कप बाईंच्या हातात दिला, आणि त्या स्टुलावर बसल्या.

८

चहा मापबाईंनी उभ्यानेच प्यायला. खोक्यावर बसता आलं असतं, पण ते त्यांना सुचलं नाही. काकूंनी मुलीच्या पगारवाढीचं सांगितलं, शिंप्याच्या भांडकुदळ बायकोचं सांगितलं. बाई हं हं करत राहिल्या आणि एकदाही खुर्चीकडे बघितलं नाही. निरखून बघणं बरं दिसलं नसतं.

खुर्ची परत न्यावी का, हा विचार त्यांच्या मनात आला. दोन हमाल, अर्धा तास. पण मग खिडकीशी ते उभे राहतील, आणि भिंतीशी काकू. मुलगी सहाला घरी येईल तेव्हा आई तिला उभी दिसेल. बाईंनी कप ओट्यावर नेऊन ठेवला.

"येते मी, काकू."

त्या दाराशी पोचल्या, चपला घालायला वाकल्या, आणि मागे वेत वाजला. या वेळी खचण्याचा आवाज नव्हता. भार निघाल्यावर वेत परत वर येतो, तो होता.

पाहुणा निघाला की घरातली मोठी माणसं उठतात, दारापर्यंत येतात. यात नवल काहीच नाही. काकू लगेच गुडघ्यांवर हात देऊन उठल्या आणि दाराशी आल्या. दार चांगलं रुंद होतं. काकू त्याच्या एका कडेला, अंग चोरून, चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. बाकीचं दार त्यांनी मोकळं सोडलं होतं.

"कशाला उठलात," मापबाई म्हणाल्या. हे त्या कोणाला म्हणाल्या ते त्यांनाही नक्की सांगता आलं नसतं. "बसा. खरंच, बसा तुम्ही."

"जाल तुम्ही, मग बसू," काकू म्हणाल्या. त्यांचा एक पाय थरथरत होता.

बाई जिना उतरायला लागल्या. वर दार उघडंच होतं आणि दोन जिने उतरेपर्यंत ते बंद झालं नाही. आपण दिसेनासे झाल्याशिवाय कोणी बसणार नाही, हे त्यांना कळलं, तशा त्या भराभर उतरल्या आणि पहिल्या मजल्याच्या वळणावर, वरून दिसणार नाही अशा बेताने, भिंतीला पाठ लावून थांबल्या. श्वास आवरून कान दिला.

वर उघड्या दाराआड पावलं वाजली. सावकाश, जड, आणि मग त्यांच्या मागून काकूंची ओळखीची, ओढत टाकलेली. वेत खचला. मापबाई डोळे मिटून वाट बघत राहिल्या. बराच वेळ काहीच आलं नाही.

मग स्टूल करकरलं, आणि काकूंचं "हुश्श" जिन्यातून खाली आलं.